गुरुवारी बोलणारा कॉम्प्युटर

खुटबावात दर गुरुवारी सकाळी सावळारामच्या अंगणात पाय ठेवायला जागा नसायची. बायका पडवीत, पुरुष कडुनिंबाखाली, पोरं भिंतीवर आणि उशिरा आलेले ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभे. सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळलेल्या. आणि तिकडे होतं काय? पाटावर मांडलेला एक जुनापुराणा कॉम्प्युटर! डब्याला झेंडूची माळ, पडद्यावर कुंकवाची बोटं, कीबोर्डवर हळद-तांदूळ, आणि माऊसच्या गळ्यात चक्क कापसाचं वस्त्र. डब्याच्या मागे शेणकुटांचं घमेलं धगधगत असायचं.

वाघाचं कातडं छापलेल्या चादरीवर अग्निनाथ महाराज बसायचे. हे मूळचे शिरूरच्या बाजूचे हौसराव. दाढी वाढली आणि हौसरावांचे महाराज झाले.

"ह्यो डबा अमेरिकेनं बनवला," महाराज डोळे मिटून सांगायचे, "पर त्यात जीव घालायची इद्या हितलीच! वीज म्हंजी काय? तेज. आत्मा म्हंजी काय? त्योबी तेज. तेजात तेज मिसळायला कितीसा येळ लागतोय?"

मग कापूर पेटायचा, मंत्र सुरू व्हायचा, आणि घमेलं चांगलं लालबुंद झाल्यावर महाराज त्रिशूळाच्या टोकानं बटण दाबायचे. पंखा घरघरायचा. निळ्या पडद्यावर एक पांढरी पट्टी हळूहळू सरकायची. "गप बसा, चित्रगुप्त हजेरी घेतोय!" महाराज दरडावायचे. पट्टी संपायची, पडदा उजळायचा आणि स्पीकरमधून एका तरण्या पोराचा आवाज यायचा.

"आये, आलो गं! वाढ लवकर, भूक लागलीया!"

त्या आवाजामागून एका मुलीचं खुदकन हसू. अंगणातल्या बायका पदर डोळ्यांना लावायच्या. सावळारामची बायको कस्तुराबाई दोन्ही हातांनी पडद्याला मिठी मारायची. "आला! माझा सत्या आला!" आणि तेवढ्यात महाराज भिंतीतली पिन खसकन उपटायचे, कारण म्हणे आत्म्याला शीण होतो. ते हसू कोणाचं, तर पाण्यातल्या देवी सातआसरा, त्यांतल्या धाकटीचं. आसरांनी पोराला पोटाशी धरलं होतं, असा महाराजांचा खुलासा होता.

ती आसरा त्या वेळी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी असायची. तिचं नाव नीलम. ती सत्यजीतची थोरली बहीण होती आणि दौंडला एका कॉम्प्युटर क्लासात शिकवायची.

सत्यजीत दिवाळीनंतर गेला. शिक्रापूरच्या कंपनीत मुलाखत होती, म्हणून सकाळी मोटारसायकलवर घाईनं निघाला. आई वैरणीला गेली होती, तिला सांगायलाही थांबला नाही. शिक्रापूरच्या चौकात ट्रकनं त्याला गाठलं. दुपारी घरी आलं ते पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं.

त्याचा तो कॉम्प्युटर दौंडच्या क्लासानं जुने काढून टाकले तेव्हा घेतलेला. सुतकात त्याच्यावर चादर टाकून ठेवली होती. नंतर नीलमनं बटण दाबलं तर आत टक् झालं, पंख्यानं अर्धी गिरकी घेतली आणि सगळं थंड. तिनं सॉकेट बदललं, वायर बदलली, रॅम काढून खोडरबरनं घासून पुन्हा बसवली. काही उपयोग झाला नाही. मालकाबरोबर यंत्रानंही जीव सोडला, असं शेजारीपाजारी म्हणू लागले.

तिनं तो दौंडला महेंद्रच्या दुरुस्तीच्या दुकानात नेला. भर दुपारी, पत्र्याच्या शेडमध्ये, पहिल्याच बटणाला तो सुरू झाला. अनोळखी गिऱ्हाइकांसमोर सत्या म्हणाला, "आये, आलो गं!" नीलम तिथेच रडू लागली.

"ह्याला काय झालंय? ठणठणीत हाय की," महेंद्र म्हणाला.

घरी आणला, आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा टक् आणि थंड. झालं! दौंडात बोलतो, घरात बोलत नाही, म्हणजे घरातच दोष. कुणीतरी अग्निनाथ महाराजांचं नाव काढलं आणि महाराज घमेल्यासकट हजर झाले.

आवाज रेकॉर्ड केलेला आहे हे नीलमला पहिल्यापासून ठाऊक होतं. मागच्या उन्हाळ्यात माईक तिनंच धरला होता. कॉम्प्युटर चालू झाला की एक वाक्य आणि बंद झाला की दुसरं, असं सत्यानं बसवलं होतं. तिला हसू आवरलं नाही म्हणून ते हसूही त्यात गेलं. एरवी सत्या कानाला हेडफोन लावून बसायचा, म्हणून आईनं ते कधी ऐकलं नव्हतं. तिनं हे आईला सांगितलं होतं.

"मग तुझ्या हातानं का न्हाई बोलत?" आई म्हणाली. "दाब की बटण. दाब!"

नीलमनं दाबलं. टक्. आई नुसती तिच्याकडे बघत राहिली. ती नजर नीलमला थपडेसारखी लागली.

आणि खरं सांगायचं, तर गुरुवारी ती दाराआड उभी राहायची ते काही महाराजांवर पाळत ठेवायला नाही. तिलाही तो आवाज ऐकायचा असायचा.

एका गुरुवारी दहिवरानं शेणकुटं ओली झाली होती. धूर भरपूर आणि विस्तव नावाला. महाराजांनी बटण दाबलं. टक्. पुन्हा दाबलं. टक्. लोक चुळबुळू लागले, तसे महाराज गरजले, "हितं कुणाचातरी इटाळ हाय!" त्यांची नजर फिरत फिरत धुरपदावर थांबली. धुरपदा शेजारची, विधवा. सुतकात दोन्ही वेळची भाकरी या घरात तिनंच पोचवली होती. ती हातातला नारळ खाली ठेवून, तोंडावर पदर घेऊन उठून गेली. एवढ्या माणसांत कुणी तिला थांबवलं नाही.

नीलमला संताप आला. पण तेवढ्यात तिनं आणखी एक गोष्ट पाहिली. महाराजांच्या चेल्यानं विस्तवावर रॉकेल शिंपडलं, जाळ उठला, आणि महाराज दबक्या आवाजात त्याला म्हणाले, "सरकव. आणखी सरकव. डब्याच्या पाठीला टेकव म्हंतो ना!" थोड्या वेळानं कॉम्प्युटर सुरू झाला.

आत्म्याला बोलवायला मंत्र पुरत असेल, तर घमेलं डब्याला टेकवायची एवढी घाई कशाला? महेंद्रच्या दुकानातला तापलेला पत्रा तिला आठवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई मागच्या गोठ्यात असताना नीलमनं डब्याची बाजू उघडली. वीज आत घेणारी चौकोनी पेटी वरच्या कोपऱ्यात होती. गुडघे शेकायची आईची रबरी पिशवी तिनं गरम पाण्यानं भरली आणि त्या पेटीला टेकवून ठेवली. पाणी कोमट झाल्यावर पुन्हा भरली. मग स्पीकरची वायर काढून बटण दाबलं.

कॉम्प्युटर सुरू झाला.

तिला आनंद व्हायला हवा होता. ती तोंडात ओढणी कोंबून रडली. सगळं ठाऊक असूनही तिच्या मनाच्या एका कोपऱ्यात 'कुणास ठाऊक' असं काहीतरी बसून होतं. त्या दुपारी ते उठून गेलं. आता हेच आईच्या मनातून उठवायचं? एकदा गेलेलं पोर तिच्यापासून पुन्हा हिरावून घ्यायचं? नीलम गप्प राहिली.

तिला बोलतं केलं ते महाराजांनीच. अन्नाच्या वासानं आत्मा माघारी फिरतो, असं सांगून त्यांनी कस्तुराबाईला आठवडाभर उपाशी राहायचा नेम घालून दिला होता. ती गुरुवारी आवाज ऐकल्यावरच काय ते खायची. बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या होत्या. एका सकाळी ती गव्हाणीपाशी चक्कर येऊन पडली. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर ही बाई वाचायची नाही. हे महाराजांच्या कानावर गेलं, तेव्हा त्यांनी जाहीर केलं, "पुढच्या गुरुवारी यंत्र आमच्या मठात न्यायचं. माउलीनंबी तिथंच ऱ्हायचं, पोराजवळ."

"जाते," कस्तुराबाई म्हणाली. सावळाराम खाली मान घालून बसला. पोरगा गेल्यापासून तो कशालाच नाही म्हणत नव्हता.

त्या गुरुवारी गर्दीनं उच्चांक गाठला होता. पाट मांडलेला, हार घातलेला. चेला घमेलं उचलणार, तोच नीलम मधे उभी राहिली.

"महाराज, आज ते घमेलं त्या कोपऱ्यात ठेवा. यंत्रापास्नं लांब."

"पोरी, अग्नी म्हंजी माझं आसन!"

"असू दे की. आसन हाय तर तुमच्या बुडाशी ठेवा. डब्याच्या पाठीला कशाला?"

पोरं फिसकन हसली. गावचे माजी सरपंच बबनराव कडुनिंबाखालून म्हणाले, "ठेवा की महाराज. कोपऱ्यातला अग्नीबी अग्नीच असतोय."

महाराजांचा नाइलाज झाला. थंडी मी म्हणत होती. त्यांनी मंत्र लांबवला, कापूर जाळला, त्रिशूळ आपटला. बटण दाबलं. टक्. पुन्हा मंत्र, पुन्हा बटण. टक्. "अश्रद्धा शिरलीया घरात!" ते ओरडले.

"आता माझा मंत्र बघा," नीलम म्हणाली आणि रबरी पिशवी घेऊन आली.

"कॉम्प्युटरची कंबर दुखतीया व्हय?" कुणीतरी विचारलं आणि अंगण खदखदून हसलं. नीलम हसली नाही. तिनं पेटीला शेक दिला, चुलीवरचं पाणी पुन्हा पुन्हा भरलं. लोकांचा चहा पिऊन झाला. मग तिनं बापाला हात धरून पुढे आणलं.

"आबा, बटण तुम्ही दाबा. मंत्रबिंत्र काय नको."

सावळारामनं पोराच्या यंत्राला कधी हात लावला नव्हता. त्यानं बटण दाबलं. पंखा घरघरला, निळा पडदा आला, पट्टी सरकली.

"आये, आलो गं! वाढ लवकर, भूक लागलीया!"

या वेळी कुणी रडलं नाही.

"ह्या पेटीत वीज साठवणारे बारके डबे असतात," नीलमनं सांगितलं. "जुने झाले की फुगत्यात, आतनं सुकत्यात. गार असले की काम करत न्हाईत, ऊब मिळाली की थोडा येळ करत्यात. महाराजांनी आत्मा न्हाई बोलावला, डबा तापवला. आन् निळा पडदा म्हंजी चित्रगुप्त न्हाई. पिन उपटून बंद केला की पुढच्या टायमाला कॉम्प्युटर आपली मोडतोड तपासतो, ती पट्टी. आन् हसणारी आसरा मी हाय."

"खोटं!" महाराज म्हणाले.

नीलमनं माऊस हातात घेतला आणि तोच आवाज पुन्हा लावला. 'आये, आलो गं!' तेच वाक्य, तोच सूर, तेच हसू. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

"पुरं गं," कस्तुराबाई म्हणाली. "पुरं."

महाराज कधी निसटले ते कुणी पाहिलं नाही. वाघाची चादर तेवढी मागे राहिली. लोकही एकमेकांकडे न बघता पांगू लागले.

"म्हंजी तो येत न्हवता," कस्तुराबाई म्हणाली.

"न्हाई, आये."

"कवाच न्हाई?"

"न्हाई."

कस्तुराबाईनं पडद्यावरचं कुंकू पदरानं पुसलं. मग म्हणाली, "मला सांगून न्हाई गं गेला. मी वैरणीला गेल्ते. वाटायचं, येतोय तर एक दिवस जाताना बोलंल."

नीलम तिच्याजवळ सरकली. "आये, बंद करतानाचंबी एक हाय. महाराज पिन उपटायचे म्हणून ते कवा वाजलंच न्हाई. पर ऐक, तेबी उन्हाळ्यातच भरलेलं हाय. तो आत्ता बोलत न्हाई."

"कळलं गं मला. लाव."

नीलमनं कॉम्प्युटर नीट बंद केला.

"आये, जाऊन येतो गं!"

"सावकाश जा रं," कस्तुराबाई म्हणाली. रोजच्या सवयीनं तोंडातून निघून गेलं. पडदा काळा झाला आणि तिनं हंबरडा फोडला. इतके दिवस ती येणाऱ्या पोरासाठी रडत होती. त्या दिवशी ती मेलेल्या पोरासाठी रडली. सावळाराम तिच्याशेजारी बसला, आणि लेकीनं दोघांना मिठी मारली.

दुपारी कस्तुराबाईनं स्वतः जाऊन धुरपदाला हाताला धरून घरात आणलं. धुरपदानं भाकरी थापली आणि कस्तुराबाईनं ती खाल्ली.

पुढे महेंद्रनं पेटी उघडून फुगलेले डबे बदलले. आता कॉम्प्युटर कुणाच्याही बोटानं, कोणत्याही वारी सुरू होतो.

लोकहो, बुवा पैशावर जगतो असं आपण म्हणतो, पण त्याआधी तो आपल्या दुःखावर जगतो. पोर गेलेल्या आईला विज्ञान शिकवायला जाऊ नका, आधी तिच्याजवळ बसा. आणि कुणी तिच्या मेलेल्या पोराला बोलावतो म्हणाला, तर त्याचं घमेलं जरा बाजूला सरकवून बघा. एवढंच. ते सरकवायला त्या अंगणात इतके गुरुवार एकही हात पुढे आला नाही, याची लाज आपल्या सगळ्यांना वाटली पाहिजे.

परवा शेजारगावची एक बाई कस्तुराबाईकडे आली. तिचा मुलगा नुकताच गेला होता. तिनं हळूच विचारलं, "तुमचा खरंच येत होता का हो?"

"न्हाई बाई," कस्तुराबाई म्हणाली. "गेलेलं न्हाई येत. तू जेवलीस का?"