शिंप्याच्या ताळेबंदातली दोन बोटं

माझा धाकटा भाऊ शिंपी. साधासुधा नव्हे. ऐन उमेदीत तो चालत्या सायकलवर, हँडल सोडून, सुईत दोरा ओवायचा आणि तेही उताराला. एकदा त्याने एका पैलवानाचा कोट शिवायला घेतला. सकाळी त्याच्या छातीवर टेप टेकवून पाठीमागून वळसा घालायला निघाला, तो जेवायच्या वेळेला पुढे पोहोचला. मी तिथे हजर होतो, तेव्हा यावर वाद नको.

एक्कावन्नाव्या वर्षी मात्र त्याला सुईचं नेढं दिसेनासं झालं. चष्मा बदलला, दिवा बदलला, सुया बदलल्या. छापलेलं अक्षर स्वच्छ दिसायचं, पण काळ्या कापडावर काळा दोरा कुठे गेला ते कळेना. एका गिऱ्हाइकाच्या पँटचे दोन्ही पाय त्याने एकमेकांना शिवले आणि तो बिचारा दुकानापासून घरापर्यंत उड्या मारत गेला. असं दोनचारदा झाल्यावर गिऱ्हाइकं दुकान टाळून रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने चालायला लागली.

त्याच सुमारास साबणाच्या कारखान्यातला म्हातारा हिशेबनीस निवृत्त व्हायला आला होता. कारखान्याचे मॅनेजर भावाचे जुने गिऱ्हाईक. ते म्हणाले, हिशेबाचं प्रमाणपत्र आणा, खुर्ची तुमची. पुढच्या वर्षाच्या अखेरपर्यंत थांबतो, त्यापुढे एक दिवस नाही. भावाने दुसऱ्याच दिवशी दूरशिक्षणाच्या एका संस्थेत नाव घातलं. त्याची बायको म्हणाली, तीस वर्षं लोकांच्या कमरा मोजल्या, आता त्यांचे खिसे मोजा.

धडे टपालाने यायचे. पुडकी एवढी जड, की ती वाहून वाहून पोस्टमन वाळला आणि त्याचा गणवेश भावाला दोनदा आत घ्यावा लागला. अभ्यास चालायचा दुकानातच, कापड बेतायच्या टेबलावर. कागद हाताशी नसला की हा खडूने समोरच्या कापडावरच गणित मांडायचा. एक गृहस्थ पाठीवर ‘येणे बाकी’ असा मथळा घेऊन एका समारंभाला गेले, तर निम्मे पाहुणे त्यांना बघून मागच्या दाराने पसार झाले.

बुद्धीला तो कमी नव्हता. नडली ती सवय. शिंपी कापड कधी मापावर कापत नाही. आत दोन बोटं कापड दाबून ठेवतो, म्हणजे उद्या माणूस जाड झाला तर उसवून सैल करता येतं. माझ्या भावाने हे तीस वर्षं केलं होतं आणि आता हात ऐकेना. बेरीज चार हजार आठशे पन्नास आली, तर हा चार हजार नऊशे लिहायचा. विचारलं तर म्हणायचा, "दादा, पन्नास आत दाबून ठेवलेत. लागले तर काढता येतील."

संस्थेने त्याला शिकवायला एक बाई नेमून दिल्या होत्या. त्यांचं तोंड त्याने कधी पाहिलं नव्हतं. वह्या टपालाने जायच्या आणि लाल शाईत न्हाऊन परत यायच्या. ‘ताळेबंद म्हणजे कोट नव्हे,’ असं त्यांनी समासात इतक्या वेळा लिहिलं, की पुढे पुढे त्या नुसतंच ‘कोट’ लिहायला लागल्या. परीक्षेला तीनदाच बसता येत असे. पहिल्या खेपेला भाऊ दोन बोटांनी नापास झाला. दुसऱ्या खेपेला त्याने फार काळजी घेतली आणि एकाच बोटाने नापास झाला.

आता एकच खेप उरली होती आणि वर्ष संपायला तीन महिने. बायकोने त्याला टोमणे मारणं बंद केलं, यावरून घरातल्या परिस्थितीची कल्पना यावी.

मग एका दुपारी बाईंचा फोन आला. मी दुकानात बसलो होतो, आणि बाईंचा आवाज असा खणखणीत की मला कान लावायचीही गरज पडली नाही. आधी त्यांनी यथेच्छ फैलावर घेतलं. मग म्हणाल्या, "मला एक सांगा. तुम्ही असं काही शिवता का, की ज्यात आत काहीच ठेवत नाही?"

भाऊ विचारात पडला. कॉलर, बाही, खिसा, अस्तर असं सगळं पुटपुटून झालं. मग म्हणाला, "काज. बटणाचं काज. ते सैल झालं तर बटण निसटतं, घट्ट झालं तर आत जात नाही. तिथे सुताइतकीही सूट नसते, बाई."

"मग आजपासून तुम्ही आकडे लिहायचे नाहीत," बाई म्हणाल्या. "काजं करायची."

पुढचे तीन महिने त्याने हजारो काजं केली. दूधवाल्याचे लिटर, जिन्याच्या पायऱ्या, माझं वय, सगळं मापात. मी वय चार वर्षं कमी सांगत आलो होतो, तेही त्याने चारचौघांत दुरुस्त केलं.

परीक्षा एका शाळेत होती. बाकं लहान मुलांची, त्यामुळे भावाचे गुडघे हनुवटीला टेकत होते. शेवटचा प्रश्न मोठा, ताळेबंदाचा. त्याने तो मांडला, आणि दोन बाजूंत सत्तावीसचा फरक आला. पुन्हा केला. सत्तावीस. खालून वर बेरीज केली, डावीकडची उजवीकडे तपासली. सत्तावीस. घड्याळात पाच मिनिटं उरली होती. आजूबाजूचे सगळे पेन मिटून समाधानाने खिडकीबाहेर बघत होते. सत्तावीस म्हणजे कितीसे? किरकोळ खर्चात अलगद दुमडले असते, कोणाला दिसलेही नसते. भाऊ नंतर मला म्हणाला की बोटं आपोआप तिकडे चालली होती, त्याने डाव्या हाताने उजवा धरून ठेवला. शेवटी त्याने खाली लिहिलं, ‘सत्तावीसचा फरक आहे. मला सापडला नाही. दाबलेला नाही, उघडा ठेवला आहे.’

घरी येऊन त्याने शिलाईयंत्राला तेल घातलं. म्हणाला, जुनी गिऱ्हाइकं परत येतात का बघतो. त्याच्या बायकोने त्याला सुईत दोरा ओवून दिला.

वर्ष संपायला चार दिवस असताना संस्थेचं पत्र आलं. छापखान्यात प्रश्नपत्रिकेतल्या एका आकड्याचे दोन अंक उलटे बसले होते, आणि सत्तावीसच्या फरकामुळे तो ताळेबंद जुळणं शक्यच नव्हतं. दोनशे त्रेपन्न विद्यार्थी बसले होते. त्यातल्या दोनशे बावन्नांचा तो छान जुळला होता. उरलेल्या एकाला त्या प्रश्नाचे पैकीच्या पैकी गुण, आणि सोबत प्रमाणपत्र.

भाऊ ते पत्र घेऊन तडक कारखान्यात गेला, सोबतीला मी. मॅनेजरांनी पत्र एकदा वाचलं, दुसऱ्यांदा वाचलं, आणि चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं.

"म्हणजे आमच्याकडे फरक आला, तर तोही असाच उघडा ठेवणार?"

भाऊ दोन्हीकडून अडकला. हो म्हणावं तर खुर्ची जाते की काय, आणि नाही म्हणावं तर बाईंना काय सांगायचं. मी टेबलाखालून त्याला पाय मारला. त्याने तो मनावर घेतला नाही.

"ठेवीन साहेब," तो म्हणाला. "सापडेपर्यंत."

मॅनेजर उठले, त्यांनी दार लावून घेतलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "आमच्या म्हाताऱ्याचा हिशेब बावीस वर्षांत एकदाही चुकलेला नाही. एकदाही. मला त्याचीच धास्ती वाटते. तुम्ही उद्या नको, आत्ताच बसा."

त्यांनी खुर्ची ओढून दिली. भाऊ बसला, वरच्या फळीवरचं सगळ्यात जुनं बाड त्याने खाली घेतलं, आणि मला म्हणाला की दादा, घरी सांग, आज यायला उशीर होईल.