सोमवारचं ताट

सुबोधने सातवी फाइल न उघडताच बाजूला ठेवली आणि आठवी पुढे ओढली.

तळघरातल्या रेकॉर्ड रूमचा पंखा वारा कमी आणि धूळ जास्त फिरवत होता. टेबलावर एकतीस फायली होत्या. प्रत्येकीतून तारीख, वेळ, इन्सुलिन कुणी दिलं, किती दिलं आणि रुग्ण जेवला होता का, एवढं उतरवून घ्यायचं होतं. सातव्या फाइलवर त्याच्या आईचं नाव होतं. तीन वर्षं ती त्याच्याच रॅकमध्ये, त्याच्या खुर्चीपासून चार पावलांवर पडून होती, आणि तीन वर्षांत त्याने तिची दोरी एकदाही सोडली नव्हती. तिची माहिती त्याने संगणकावरूनच घेतली. प्रभा, वय त्रेसष्ट, मधुमेह, पायाची जखम. आहाराच्या रकान्यात स्वयंपाकघराची नोंद होती: ‘पूर्ण’.

हे काम नव्या डॉक्टर चेतना बिराजदार यांनी काढलं होतं. रुग्णांच्या सुरक्षिततेचं बघा, असं ट्रस्टने त्यांना सांगितलं, तेव्हा आधीच्या साहेबांसारखे भिंतीवर फलक न लावता त्या सरळ औषधांच्या स्टोअरमध्ये जाऊन बसल्या.

“चूक झाली तर ती कुणी लिहून ठेवत नाही,” त्या सुबोधला म्हणाल्या होत्या. “पण रुग्णाची साखर एकदम उतरली की ग्लुकोजचं इंजेक्शन द्यावं लागतं, आणि ते स्टोअरच्या वहीत लिहावंच लागतं. ते कुणाकुणाला लागलं तेवढं शोधा. मागची चूक आपोआप सापडेल.”

बाई हुशार आहे, असं सुबोधला वाटलं. आणि खरं सांगायचं तर त्याला मनातून बरंही वाटलं, कारण यादीत कुणाचं नाव येणार हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मनकर्णा सरवदे, वॉर्ड तीन. त्या दिवशी सकाळी आईला इन्सुलिन तिनेच दिलं होतं. दुपारी आईची साखर उतरली, ती झोपेतच घामाने भिजली आणि पुन्हा नीट जागी म्हणून झालीच नाही. चौथ्या दिवशी ती गेली. सुबोधची थोरली बहीण देवयानी पुण्याहून आली, तिने ट्रस्टकडे तक्रार केली. तिचं म्हणणं एका वाक्याचं होतं: पोटभर जेवलेल्या बाईची साखर उतरते कशी? सुईच जास्त भरली असणार. मनकर्णाला लेखी ताकीद मिळाली आणि प्रकरण तिथेच मिटलं. सुबोधपुरतं मात्र ते मिटलं नव्हतं. ती जिन्यात समोर आली की तो अजूनही मान फिरवायचा.

एकतीसपैकी एकोणीस नोंदींपुढे मनकर्णाचं नाव आलं.

बारा वाजायच्या सुमारास डॉक्टर चेतना खाली आल्या. खुर्ची ओढून न घेता उभ्या उभ्याच त्यांनी पडद्यावरची यादी वाचली.

“तारखांसमोर वारही टाका बरं, सुबोधराव.”

त्याने वार टाकले. रकाना भरत गेला तसा तोच शब्द पुन्हा पुन्हा येऊ लागला. एकतीसपैकी बावीस सोमवार.

“सोमवारी सकाळी वॉर्ड तीनला कोण असतं?”

“सरवदे सिस्टर. कायम त्याच.”

डॉक्टरांनी सुस्कारा टाकला. त्यांना ते आवडलं नसावं, पण आकडे समोर होते.

“मग झालंच की. उद्या अकराला बैठक आहे. यावेळी ताकिदीवर भागणार नाही, काढूनच टाकतील बाईला. वर जाऊन ड्युटी बदलल्याच्या अर्जांची फाइल तेवढी घेऊन या. नंतर कुणी बोट ठेवायला नको.”

त्या गेल्या आणि सुबोधच्या मोबाइलवर देवयानीचा मेसेज आला. ‘आलं का तिचं नाव?’ त्याने ‘आलं’ असं लिहिलं. मग ते पुसलं आणि ‘संध्याकाळी फोन करतो’ असं कळवलं. यादी पक्की झाल्यावरच सांगावं, असं त्याच्या मनात होतं.

वॉर्ड तीनच्या टेबलापाशी राजश्री सिस्टर बसली होती. तिने अर्जांची फाइल काढून दिली. सुबोधने उभ्यानेच पानं चाळली. अक्षरं वेगवेगळी होती, मजकूर एकच. ‘सोमवारी उपवास असल्याने सकाळची ड्युटी बदलून मिळावी. सिस्टर सरवदे यांची संमती आहे.’ चार वर्षांचे अर्ज, आणि जवळजवळ सगळे असेच.

“सगळे सोमवार त्याच घेतात?”

“मग काय, त्यांना कुठं उपास असतोय?” राजश्री म्हणाली. “आमच्यातल्या निम्म्या सोमवार धरतात. रिकाम्या पोटी धावपळ होत न्हाय, मग मनकर्णाताईच घेतात. बिचाऱ्या कधी न्हाय म्हणत न्हाईत.”

सुबोधने फाइल मिटली. काहीतरी खुपलं होतं, पण काय ते त्याला धरता येत नव्हतं. तो जायला वळला आणि त्याची नजर खिडकीकडच्या खाटेवर गेली.

खाट आणि भिंत यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत एक म्हातारा वॉर्डाकडे पाठ करून उकिडवा बसला होता आणि भराभर वरण-भात कालवून खात होता. पुढ्यात दवाखान्याचं स्टीलचं ताट होतं. खाटेवर त्याची बायको भिंतीकडे तोंड करून पडली होती. पायाशी पाटी होती: सिद्धम्मा, मु. दुधनी. म्हाताऱ्याने ताटातला शेवटचा घास बोटांनी पुसून घेतला, ताट खाटेवर बायकोच्या उशाशी ठेवलं आणि धोतराला हात पुसले.

सुबोधचे पाय तिथेच थांबले.

मनकर्णा औषधांची ट्रॉली ढकलत आली. चष्मा नाकावर घसरलेला, खिशाला दोन पेनं. तिने सुबोधकडे पाहिलं नाही. तीन वर्षांत तिलाही सवय झाली होती.

“मावशी जेवल्या का हो, गुरुसिद्धप्पा?”

“जेवली की. हे बघा ताट.”

“सगळं खाल्लं? सकाळचा उपमा पण?”

“व्हय की, सिस्टर. समदं खाल्लं.”

मनकर्णाने खिशातलं पेन काढलं.

असंच झालं होतं. वांग्याची भाजी होती त्या दिवशी. आईने चाळीस वर्षं सोमवार धरला होता. संध्याकाळी सिद्धेश्वराला जाऊन तळ्याकाठी हात जोडायची, मगच तोंडात घास घालायची. घरी तिची मधुमेहाची गोळी असायची, आणि ‘सोमवारी गोळीलाही सुट्टी’ असं म्हणत ती हसत हसत गोळीही टाळायची. दवाखान्यात गोळी बंद होऊन सुई सुरू झाली. सुईला सुट्टी द्यायचं तिच्या हातात नव्हतं. तू खाऊन टाक रे, ती म्हणाली होती, ताट तसंच गेलं तर त्या सिस्टर रागावतात. सुबोध डबा न घेताच आला होता. पडदा ओढून त्याने ते ताट चाटूनपुसून खाल्लं, आणि भाजी चांगली झाली होती, हेही त्याला आठवत होतं. मनकर्णाने विचारलं तेव्हा त्याने रिकामं ताट दाखवलं. पुढे देवयानीलाही तेच सांगितलं, चौकशीतही तेच. चाळीस वर्षं उपास करून जिला काही झालं नाही, तिला एका ताटाने काय होणार, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती. त्याला काहीच कळलं नव्हतं, असं म्हणणं खोटं ठरेल. कळू नये म्हणून तो तीन वर्षं झटत होता.

आता गप्प बसलं तरी चालणार होतं. यादी तयार होती.

“सिस्टर,” तो म्हणाला, “त्या जेवल्या नाहीत. ताट यांनी खाल्लं.”

मनकर्णाने पेन तसंच खिशात टाकलं आणि सिद्धम्माचा खांदा धरून तिला आपल्याकडे वळवलं. म्हातारीचं कपाळ घामाने चिंब झालं होतं, ओठ थरथरत होते. बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब काढला. छोट्या यंत्रावर आकडा आला, फक्त शेहेचाळीस.

“राजश्री, साखरपाणी आण! आणि ग्लुकोज भरून ठेव!”

सिद्धम्मा पेला बघून मान हलवू लागली. “ब्याड, ब्याड,” ती कानडीत नको नको म्हणत होती.

“आज सोमवार हाय की तिचा,” गुरुसिद्धप्पा कळवळून म्हणाला. “घरी कवा काय व्हत न्हाय तिला. ताट भरल्यालं माघारी गेलं की तुमी वरडता, मग ही रडती. म्हणून म्या खाल्लं.”

“देव काय म्हणणार न्हाय, मावशी. माझ्यावर घाला पाप. प्या.”

मनकर्णाने तिची मान आपल्या दंडावर घेतली आणि घोट घोट करत पेला रिकामा केला. दहा-बारा मिनिटांनी म्हातारीने डोळे नीट उघडले आणि नवऱ्याकडे पाहिलं. इंजेक्शन द्यावं लागलं नाही. म्हणजे स्टोअरच्या वहीत आज काहीच लिहिलं जाणार नव्हतं.

हात धुऊन मनकर्णा सुबोधपुढे येऊन उभी राहिली.

“खाटेआड पाठ करून खाल्लं त्यांनी. शेजारच्या खाटेलाबी कळलं न्हाय. तुमाला कसं कळलं?”

बघितलं, असं म्हणता आलं असतं. तेही खरंच होतं.

“मीही खाल्लं होतं,” तो म्हणाला. “आईचं.”

ट्रॉलीच्या कडेवर तिची बोटं घट्ट होत गेलेली त्याला दिसली.

“मी विचारलं होतं तुमाला,” ती म्हणाली. “दोनदा विचारलं होतं.”

“हो.”

“तवापासून सुई भरली की दुसऱ्या सिस्टरला दाखवल्याबिगर देत न्हाय मी. समद्या हसत्यात. घरी भाकरी थापताना हाताकडं बघत बसते, त्या दिवशी किती भरलं व्हतं म्हणून. तीन वर्सं, सुबोध सर.”

“सिस्टर, माझी...”

“आता काही बोलू नका माझ्याशी.”

ती सिद्धम्माची साखर पुन्हा तपासायला गेली. सुबोध जिना उतरून खाली आला.

सातव्या फाइलची दोरी वाळून कडक झाली होती. गाठ सुटेना, तेव्हा त्याने ती दातांनी सोडवली. पानं उलटत तो त्या सोमवारवर आला. परिचारिकेच्या नोंदी मनकर्णाच्या बारीक, सरळ अक्षरात होत्या. ‘१२.५०. रुग्णाच्या मुलास दोनदा विचारले. जेवण पूर्ण झाल्याचे सांगतो.’ खाली सही. चौकशीत हीच ओळ तिच्याविरुद्ध गेली होती. बाई जेवली होती, हे तिच्याच नोंदीने सिद्ध झालं होतं.

सुबोधने कपाळ टेबलावर टेकलं. तो रडला, आणि रडण्याने काही हलकं झालं नाही.

मग त्याने यादी उघडली. बावीस सोमवारांपुढे शेरा टाकला: ‘उपवास होता का, ताट कुणी खाल्ले, नातेवाइकांना पुन्हा विचारावे.’ सातव्या ओळीपुढचा शेरा त्याने वेगळा लिहिला. ‘रुग्णाचा उपवास होता. ताट मुलाने खाल्ले आणि परिचारिकेस खोटे सांगितले.’ पुढे स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं. यादी डॉक्टर चेतनांना पाठवली. ती गेल्याची खूण पडद्यावर उमटेपर्यंत तो बघत राहिला.

संध्याकाळी त्याने फोन करायच्या आधीच देवयानीचा आला.

“काय झालं रे? आलं ना तिचं नाव?”

“आलं. एकोणीस वेळा.”

“मला माहीतच होतं! आता तरी काढतील ना तिला? किती वाट बघितली आपण.”

“ताई, एक सांगायचंय.” “त्या दिवशी ताटात वांग्याची भाजी होती. चांगली झाली होती.”

“आई म्हणाली तसं?”

“नाही. आई नाही म्हणाली.”

पलीकडे कुणीतरी टीव्हीचा आवाज कमी केला. देवयानी मनाशी दिवस मोजत असावी. आई गेली ती तारीख, त्याच्या आधीचे तीन दिवस.

“पण तो तर सोमवार होता,” ती म्हणाली.

“हो, ताई.”