ग्राउवर्टच्या घंटेची जीभ

मित्रांनो, मी एक जुनी घंटा आहे. मला दोरी नाही, जीभ नाही, ओठाला हातभर तडा गेला आहे; तरी मी बोलणार. गप्प बसणं माझ्या धातूतच नाही. या पडक्या गढीत खेळायला आलात की तुम्ही मला उताणी पाहता, माझ्यात साठलेला पालापाचोळा पाहता आणि तुमच्यातलं कुणीतरी म्हणतं, "हे कुत्र्यांचं भांडं असणार." असणार काय, होतंच! पण त्याआधी मी कोण होते, ते ऐका.

ऱ्हाइन नदीच्या काठी ग्राउवर्ट नावाचं माझं गाव. विणकरांचं आणि कातडी कमावणाऱ्यांचं. गावाला मोठी घंटा हवी म्हणून बायकांनी घरातली तांब्याची भांडी आणून दिली. हाडविग नावाच्या विणकरणीनं तर लग्नातली कढई दिली. तिचा नवरा विगांट म्हणाला, "अगं, मग कोबी शिजवायचा कशात?"

"तुझ्या टोपीत," ती म्हणाली. "नाहीतरी तिच्या खाली रिकामंच असतं."

चर्चच्या आवारात खड्डा खणून मला ओतलं. मी थंड होईपर्यंत हाडविग काठावर बसून होती. म्हणून माझ्या बाप्तिस्म्याला तिलाच माझी धर्ममाता केलं. हो, आमच्याकडे घंटेचाही बाप्तिस्मा होतो. मला पाण्यानं न्हाऊ घातलं, तेल लावलं, धूप दिला आणि ओझान्ना असं नाव ठेवलं. हे सगळं करायला आर्चबिशप वोल्करात स्वतः आला होता. त्याचा हात लोण्यासारखा मऊ होता. माझ्या पाठीवर तो हात ठेवून तो म्हणाला, "जिथवर हिचा आवाज जाईल, तिथवर मेलेल्या माणसाच्या आत्म्याला सैतान शिवणार नाही."

गावानं ते काळजावर कोरून घेतलं. मीही.

त्यानंतरची वर्षं माझ्या सुखाची. लग्नाला मी, आगीला मी, पुराला मी. कुणी शेवटचा श्वास घेतला की घंटा वाजवणारा म्हातारा तम्मो जिन्यानं धापा टाकत वर यायचा आणि दोरी धरायचा. "चल गं बाई, एकाला वाट दाखवायचीय," म्हणायचा. माझे टोल ऐकत माणसं शांतपणे रडायची. माझं कौतुक काय सांगू! नावाडी म्हणायचे, अशी गोड घंटा दोन्ही काठांवर दुसरी नाही. मी फुगून जायची.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या. आमचा आर्चबिशप नुसता धर्मगुरू नव्हता. मुलखाचा धनीही तोच. पदरी घोडेस्वार, गढ्या, फाशीचे खांब. राजानं मारलं आणि पावसानं झोडपलं तर दाद कुणाकडे मागायची, असं तुम्ही म्हणता ना? आमच्याकडे राजा आणि पाऊस एकच होता.

एकदा त्यानं वेशीच्या किल्ल्या मागितल्या. गावाच्या पंचांत विगांट होता. तो म्हणाला, "वेस आम्ही बांधली, किल्ल्या आमच्याकडेच राहतील." वोल्करात रागावला नाही की सैन्य घेऊन आला नाही. त्यानं फक्त विगांटला धर्माबाहेर काढलं आणि साऱ्या गावावर धर्मबंदी घातली. चर्चला कुलूप. लग्नं बंद. मेलेल्याला पवित्र मातीत जागा नाही. आणि माझ्या जिभेला, म्हणजे आतल्या लोलकाला, गवताची पेंडी बांधली. वाजवेल त्याची गत धर्मबुडव्याची.

त्या हिवाळ्यात विगांटच तापानं गेला.

पुरायचा कुठे? दफनभूमी बंद. रानात पुरला तर आत्मा कायमचा भटकणार. मग आमच्याकडे अशा वेळी करतात तेच केलं. शवपेटी दोरानं वेशीबाहेरच्या लिंडनच्या झाडावर टांगली. बंदी उठली की उतरवू, म्हणाले. वारा सुटला की पेटी फांदीवर आपटायची. मनोऱ्यातून मला सगळं दिसायचं. हाडविग रोज झाडाखाली यायची, कावळे हाकलायची आणि वर बघून बोलायची, "थंडी वाजतेय का रे?" मला एकही टोल देता येत नव्हता. मित्रांनो, ते दिवस आठवले की अजून माझ्या कडा थरथरतात.

वसंतात पंचांनी हार मानली. वोल्करातचा कारभारी अटी घेऊन आला. पंचांनी अनवाणी, कुत्रं खांद्यावर घेऊन वेशीपासून चर्चपर्यंत चालायचं. आमच्याकडे मोठ्यांचं नाक कापायची ही जुनी रीत. विगांट मेलेला, तेव्हा त्याच्या वाट्याचं कुत्रं त्याच्या बायकोनं वाहायचं. मग त्याच्या शवपेटीला सर्वांदेखत छड्या मारायच्या, म्हणजे तो शुद्ध होईल आणि त्याला माती मिळेल.

"मेलेल्याला छड्या?" म्हातारा तम्मो पुटपुटला.

"मारू देत," हाडविग म्हणाली. "जिवंत असताना मीही कमी हाणलेल्या नाहीत. एकदा जमिनीत निजू दे त्याला."

तो दिवस उजाडला. पंचांनी लहानसहान कुत्री शोधून आणली होती. हाडविगच्या वाट्याला खाटकाचा लठ्ठ, लूत लागलेला कुत्रा आला. तो तिचा कान चाटत होता. "चाट बाबा," ती म्हणाली, "गावात माझ्याजवळ येणारा तूच एक उरलायस."

वोल्करात वेशीसमोरच्या पुलावर आला. चिलखत घालून, शिरस्त्राण चढवून, घोड्यावर. आणि पुलाच्या मध्यावर थांबला.

सगळे वाट बघत राहिले. शेवटी कारभारी ओरडला, "घंटा का वाजत नाही? धनी गावात येताना घंटा वाजते, हा रिवाज मोडता?"

एबरविन नावाचा पंचांचा म्होरक्या गडबडला. "सरकार, घंटेवर बंदी आहे. आपलाच हुकूम."

"तो धर्मगुरूंचा हुकूम. इथे पुलावर धनी उभे आहेत. घंटा वाजली नाही तर हा बंडावा समजू."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं! एबरविननं घाम पुसला, खांद्यावरचं कुत्रं सावरलं आणि मनोऱ्याकडे हात हलवला. तम्मोनं पेंडी सोडली. "चल गं बाई," तो म्हणाला, आणि त्याला हुंदका आला.

मी वाजले. अहाहा, काय वाजले मी! बायका गुडघ्यांवर बसल्या. माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली. हाडविग झाडाकडे तोंड करून ओरडली, "ऐकतोयस ना रे?"

वोल्करात सावकाश वेशीत आला. घोड्यावरून उतरला. शिरस्त्राण काढून त्यानं नोकराकडे दिलं आणि धर्मगुरूची उंच टोकदार टोपी डोक्यावर ठेवली. मग त्याच मऊ आवाजात विचारलं, "माझी बंदी असताना घंटा कुणी वाजवली?"

एबरविननं घाईघाईनं किल्ल्यांचा जुडगा पुढे केला. वोल्करातनं तो घेतला, कमरेला अडकवला.

"मग बंदी, महाराज?"

"किल्ल्या राज्याच्या, बंदी धर्माची," तो हसून म्हणाला. "दोन्हींची गल्लत करू नका, बाळांनो. तुम्ही आजच बंदी मोडलीत. ती आता कशी उठवू?"

हाडविग कुत्र्यासकट पुढे झाली. "महाराज, माझा नवरा झाडावर आहे. छड्या मारा, मला मारा. पण त्याला खाली घ्या."

"मुली, माझं मन तुझ्यासाठी तुटतं," तो म्हणाला. "पण धर्मापुढे माझा इलाज नाही."

तम्मोला ओढत आणलं आणि त्याचा उजवा हात तोडला. खाटकाच्याच ओंडक्यावर. मला खाली उतरवलं. माझी जीभ लोहारानं हातोडा मारून काढली. मला गाडीवर चढवताना वोल्करात म्हणाला, "आवाज चांगला आहे. माझ्या चर्चमध्ये टांगू हिला. जीभ नवी करता येईल."

तेवढ्यात हाडविगनं कुत्रं खाली ठेवलं. लोहाराचा हातोडा उचलला. कुणाला कळायच्या आत तिनं तो डोक्यावर नेला आणि माझ्या ओठावर हाणला.

मित्रांनो, तसा टोल मी आयुष्यात दिला नव्हता. वेस ओलांडून तो लिंडनच्या झाडापर्यंत गेला आणि पुढे नदीवर गेला. त्याच टोलात मला तडा गेला. त्यानंतर मी कधीच नीट वाजणार नव्हते, वोल्करातसाठी तर नाहीच.

वोल्करातचा चेहरा पहिल्यांदाच उतरला. "कुणाच्या परवानगीनं?" तो किंचाळला.

"कुणाची घ्यायची होती?" हाडविग म्हणाली. "टोपीची, का शिरस्त्राणाची?"

तिलाही धर्माबाहेर काढलं आणि वेशीबाहेर घालवलं. किल्ल्या आता त्याच्याकडे होत्या, तेव्हा कुणी तिला दार उघडून दिलं नाही. तम्मो डाव्या हातानं तटावरून भाकरी टाकायचा. पुढच्या हिवाळ्यात ती झाडाखालीच गोठून गेली. तम्मोनं आणि खाटकानं तिची पेटी विगांटच्या शेजारी टांगली. वोल्करात म्हातारा होऊन मऊ गादीवर मेला आणि त्याच्यासाठी सगळ्या मुलखातल्या घंटा वाजल्या. मी सोडून.

फुटकी घंटा काय कामाची? वोल्करातनं तेव्हाच मला त्याच्या या गढीत आणून कुत्र्यांना पाणी प्यायला ठेवलं होतं. पण तड्यातून पाणी गळून जायचं, मग माझ्यात हाडं टाकू लागले. शिकारी कुत्री माझ्या कडांवर दात घासत.

मला घासूनपुसून लखलखीत करा, असं मी म्हणत नाही. माझ्यातला पाचोळा तेवढा काढा. मग हा पायाजवळचा दगड उचला आणि माझ्यावर एक मारा. आवाज घोगरा येईल, घाबरू नका. ते झाड कधीचं पडलं, पेट्याही कुजून गेल्या. पण त्या दोघांना माती मिळाली नाही, आणि माझा आवाज जाईल तिथवर सैतान शिवत नाही म्हणतात. कुणी म्हटलं होतं ते विसरा. जोरात मारा.