उजवीकडचं दार

वर्नाने पिठाचे हात ॲप्रनला पुसले, घरमालकिणीकडे पाहून गोड हसली आणि म्हणाली, "मला? मला कसली आलीय काळजी!" मग मान वळवून तिने उजवीकडच्या दाराकडे पाहिलं.

"कट," दिग्दर्शक हॅस्केल म्हणाला. त्याने टोपी काढून मांडीवर आपटली. सकाळपासून प्रत्येक वेळी तो हेच करत होता, आणि आता टोपीतून धूळही निघेनाशी झाली होती.

"चुकलं का काही?" वर्नाने विचारलं.

"काही चुकलं नाही. तेच तर दुखणं आहे."

गोष्टीप्रमाणे त्या दारामागे स्वयंपाकघर होतं आणि त्या स्वयंपाकघरात बिनभाड्याचे तीन पाहुणे लपलेले होते. त्यांना लपवणारी खानावळीतली स्वयंपाकीण म्हणजे वर्ना. न्यूयॉर्कला हे गाण्यांचं नाटक चालायचं तेव्हा या एका नजरेवर सगळं थिएटर डोक्यावर घेतलं जायचं. माणसं ही नजर बघायला दुसऱ्यांदा यायची. स्टुडिओने नाटक विकत घेतलं तेव्हा नायक बदलला, नायिका बदलली, निम्मी गाणीही बदलली. वर्ना टूमीला मात्र आगगाडीत बसवून हॉलिवूडला आणलं, ते या नजरेसाठी.

आणि इथे ती नजर मेली होती.

पहिल्यांदा तिला वाटलं, दोष शांततेचा असेल. नाटकात तिला हशाची सवय. हशा आला की समजायचं, आपण बरोबर जागी उभ्या आहोत. इथे कोणी हसलं की आवाज माइकमध्ये जातो, म्हणून चित्रीकरण चालू असताना हसायला बंदी. चाळीसएक माणसं ओठ मिटून आपल्याकडे बघताहेत, हे म्हणजे अंधारात जिना उतरल्यासारखं. पण तेवढंच नव्हतं. तिला स्वतःलाच कळत होतं, आपण नुसतं दाराकडे बघतोय.

हॅस्केल तिच्या जवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाला, "हे बघ वर्ना, वरचे लोक तुझं आजचं काम रात्री पडद्यावर बघणार आहेत. हे असंच गेलं तर उद्यापासून तुझ्या जागी जूनी."

"जूनीला पोशाख बेतून झालाय, दिसलं मला."

"मी नाही सांगितला तो बेतायला."

"तुम्ही 'नको' असंही सांगितलं नाहीत."

तो दिवेवाल्यांना हाक मारून निघून गेला.

वर्ना कडेला कापडी खुर्चीत जाऊन टेकली. शूज काढून पाय जमिनीवर ठेवले तेव्हा तळव्यांना गार वाटलं. नेवार्कला बहिणीच्या घरी टेस आता शाळेतून आली असेल. सहा वर्षांची पोर. निघताना तिने विचारलं होतं, "मला कधी नेशील?" आणि वर्ना म्हणाली होती, "काम पक्कं झालं की लगेच." बहीण मागून म्हणाली होती, "तिला खोटं सांगू नकोस हं." ते अजून कानात होतं.

सेटवर वर्नाच्या जागेवर आता जूनी फॉक उभी होती. दिवे लावून होईपर्यंत खऱ्या नटीच्या जागी कोणीतरी उभं राहायचं, तशी. अंगावर तोच ॲप्रन, केसांत तीच फीत. वय असेल बावीस-तेवीस. दिव्यांच्या उष्णतेने तिचा चेहरा चकाकत होता.

"हनुवटी वर घे, जूनी," वरून कोणीतरी ओरडलं. "बरी आहेस ना?"

"मस्त," ती म्हणाली, आणि दोन्ही हात छातीवर आवळून तिने डावीकडे भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

वर्ना खुर्चीत सावरून बसली. हात असे आवळायचे कशासाठी, हे तिला ठाऊक होतं. पाजायची वेळ टळून गेली की असं करावं लागतं, नाहीतर दूध कपड्यांवर उतरतं. जोरात दाबून धरायचं आणि दुसरं काहीतरी आठवायचं.

आणि मग तिला डावी बाजू आठवली.

नाटकाच्या पहिल्या हिवाळ्यात टेस दोन-तीन महिन्यांची होती. तिला ठेवायला जागा नव्हती, आणि पोरंबाळं थिएटरात आणली तर मालक हाकलून देणार होता. पोशाखांच्या टोपलीत शालीखाली तिला झोपवून वर्ना ती टोपली डाव्या विंगेत दोरांच्या मागे ठेवायची. 'मला कसली आलीय काळजी' हे वाक्य यायचं नेमकं दुधाच्या वेळेला. उठली का? रडणार का? म्हणून ती बघायची. एके दिवशी त्या बघण्यावर लोक हसले. पुढे टोपली अपुरी पडायला लागली, पोर घरी राहायला लागली. डोळे मात्र तिकडेच जात राहिले, आणि का जातात ते वर्ना विसरून गेली.

नाटकात दारही त्याच बाजूला असायचं. इथे नाचाचा मोठा जिना डाव्या भिंतीला आला होता, म्हणून स्वयंपाकघराचं दार उजवीकडे गेलं होतं.

"हॅस्केल, एकदा मला डावीकडे बघू द्या."

"डावीकडे जिना आहे, बाई. पाहुणे काय जिन्यात लपलेत?"

"एकदाच. मग बोलवा जूनीला."

त्याने खांदे उडवले. जूनी जागा सोडून डावीकडच्या खुर्चीत जाऊन बसली.

"मला? मला कसली आलीय काळजी!" वर्ना म्हणाली आणि तिने डावीकडे पाहिलं. जूनीने हात आणखी आवळले होते.

वरच्या मचाणावरून कोणीतरी फस्सकन हसलं.

"कट! कोण आहे रे तो गाढव?" हॅस्केल ओरडला. मग त्यालाच हसू फुटलं. टोपीने तोंड झाकून तो म्हणाला, "अगं, कुठे ठेवलं होतंस हे? सुतारांना बोलवा. सकाळी मला जिना उजवीकडे पाहिजे आणि दार डावीकडे. वर कळवा, टूमीच राहणार."

कोणीतरी वर्नाच्या हातात गार कॉफीचा कप दिला. पोशाखखात्याची बाई जूनीकडे निघाली होती. "चल गं, काढून दे तो ॲप्रन. तुझं काम झालं."

जूनी उठली. तिने हात खाली घेतले नाहीत; बोटांखाली ॲप्रनवर ओल दिसत होती.

वर्ना वाटेत आडवी आली आणि सगळी कॉफी जूनीच्या छातीवर सांडली.

"अगं बाई! माझा मेलीचा हात बघा."

"केलंत का वाटोळं!" पोशाखवाली किंचाळली. "आता हे डाग निघणारेत का? पोरी, तुला काही झालं नाही ना?"

जूनीने वर्नाकडे क्षणभर पाहिलं. "मला? मला काय होतंय!" ती हसून म्हणाली, आणि तिची नजर आपसूक डावीकडे, बाहेरच्या दाराकडे गेली.

वर्ना जागच्या जागी थबकली. या नजरेत आठवण नव्हती. जे होतं ते आत्ताचं होतं, गरम होतं.

हॅस्केल पाठमोरा उभा राहून सुतारांना जिना दाखवत होता. एक हाक मारली असती, तर त्यालाही ती नजर दिसली असती.

तिने रिकामा कप खुर्चीवर ठेवला, खुर्चीखालचे शूज हातात घेतले आणि टेसला कळवायला नेवार्कला फोन कुठून लावता येईल, हे विचारायला निघाली.