लाडूचं रीडिंग

ईश्वर मेश्राम यांनी नागपुरात एकतीस वर्षं विजेच्या मीटरचं रीडिंग घेतलं. काही बहाद्दर चहाच्या टपरीवर बसून अंदाजपंचे आकडे भरत. ईश्वरराव मात्र भर उन्हात, कुत्री अंगावर आली तरी, मीटरपाशी जाऊन डोळ्यांनी बघत आणि मगच वहीत लिहीत. नोकरी सुटली, पण दोन सवयी उरल्या. एक, आकडा खरा लिहायचा. दुसरी, खोलीतून बाहेर पडताना बटण बंद करायचं. पहिलीचा त्यांना अभिमान होता. दुसरीकडे त्यांचं कधी लक्षच गेलं नव्हतं.

अमेरिकेत रेडमंडला मुलाकडे, राकेशकडे येऊन त्यांना दोन महिने झाले होते. बारा वर्षांची नात दीक्षा ‘हाय’ आणि ‘बाय’ यापलीकडे त्यांच्याशी बोलत नसे. म्हाताऱ्याला याचं फार वाईट वाटे, पण सांगणार कुणाला? आणि अचानक, शाळेच्या चार दिवसांच्या कॅम्पला निघताना तिने आपला साप आजोबांच्या हवाली केला. आई सापाच्या खोलीत पाऊल टाकत नव्हती आणि बाबांचं लक्ष कायम फोनमध्ये. म्हणजे निवड अशी काही नव्हतीच. तरी ईश्वररावांना आपण निवडून आल्यासारखं वाटलं.

सापाचं नाव लाडू. बिनविषारी, लहान जातीचा अजगर. घाबरला की अंग गुंडाळून गोळा होऊन बसे, म्हणून लाडू. रविवारी दीक्षाने आजोबांची शिकवणी घेतली.

“ही हॉट साइड. इथे नव्वद फॅरनहाइटच्या आसपास पाहिजे. खाली विजेवर तापणारी हीट मॅट आहे. ती कूल साइड. दोन्हीकडे हाइड.”

“हाइड म्हणजे लपायची जागा,” ईश्वरराव म्हणाले.

“करेक्ट. शेड?”

“कात टाकणं.”

दीक्षा पहिल्यांदाच त्यांच्याकडे बघून हसली. मग तिने फ्रीजरमधला, गरम पाण्यात ठेवून नरम केलेला उंदीर चिमट्याने पुढे केला, लाडूने झडप घातली आणि सावकाश गिळला. “आता दोन दिवस नो हँडलिंग. आणि आजोबा, हे इम्पॉर्टंट आहे. त्याची बॉडी स्वतः गरम होत नाही. हीट नाही मिळाली तर उंदीर पचत नाही, पोटात सडतो. ही कॅन डाय.”

तिने एक वही दिली. सकाळ-संध्याकाळ तापमान लिहायचं. शेवटच्या पानावर ‘उलटी झाली तर’ काय करायचं ते इंग्रजीत लिहिलेलं.

“रीडिंग होय!” ईश्वररावांची छाती फुगली. “ते माझ्यावर सोड.”

सोमवारी ती गेली. संध्याकाळी सहाला त्यांनी लाडूच्या काचेच्या टाकीवरचा थर्मामीटर पाहिला, एकोणनव्वद लिहिलं, सही केली आणि बाहेर पडले. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात ते खोटं नाही. दाराजवळच्या बटणाकडे हात आपसूक गेला. खोलीतला दिवा त्या बटणावर होता, आणि अमेरिकेतल्या घरांची तऱ्हा अशी की भिंतीतला प्लगही त्याच बटणावर होता. मॅट त्याच प्लगमध्ये होती. दीक्षा दिवा त्याच्या स्वतःच्या कळीने विझवी; भिंतीवरच्या बटणाला घरात कुणी हात लावत नसे.

मंगळवारी सकाळी थर्मामीटरने सदुसष्ट दाखवलं. ईश्वररावांना वाटलं, चष्मा पुसायचा राहिला. चष्मा पुसला. सदुसष्टच. त्यांची नजर बटणाकडे गेली. ते बंद होतं. रात्रभर! पोटात उंदीर घेऊन तो जीव रात्रभर गारठला होता.

बटण लावलं. गरम पाण्याची पिशवी आणावी असं मनात आलं, लाडूला उचलून छातीशी धरावं असंही आलं. पण हात लावायचा नव्हता. दिवसभर ते खुर्ची टाकून काचेसमोर बसले. मॅट हळूहळू तापली, लाडू मात्र कूल साइडलाच पडून राहिला.

दुपारी वारा सुटला आणि सगळ्या कॉलनीची वीज दहा मिनिटं गेली. संध्याकाळी राकेशने बटणाचं आणि विजेचं दोन्ही ऐकलं आणि खांदे उडवले. “बाबा, मग प्रॉब्लेमच नाही. लाइट गेली होती सांगायचं. कोण चेक करतंय यार?”

एकतीस वर्षं लोकांनी आपल्या चुका विजेवर ढकललेल्या ईश्वररावांनी ऐकल्या होत्या. वहीत मंगळवारची सकाळ कोरीच राहिली.

बुधवारी खोलीत शिरताच उग्र वास आला. लाडूने उंदीर ओकून टाकला होता. वहीचं शेवटचं पान ईश्वरराव बोट ठेवून, शब्द जुळवत वाचत गेले. हातमोजे घालून घाण काढली, ताजं पाणी ठेवलं, काच झाकली. लाडू हलला नाही. ‘मेला तर?’ हा एकच विचार त्यांना गुरुवार दुपारपर्यंत पुरला.

राकेश तिला कॅम्पवरून घेऊन आला. दीक्षा बूटही न काढता धावत आली आणि आजोबांच्या गळ्यातच पडली. रडत होती. “डॅडने कारमध्ये सांगितलं. पॉवर गेली. इट्स नॉट युअर फॉल्ट, आजोबा.”

दोन महिन्यांत ती पहिल्यांदा त्यांच्या जवळ आली होती. दारात राकेशने नजरेनेच ‘गप्प बसा’ म्हटलं. मूग गिळून बसायचं, एवढंच काम होतं. तिचे ओले गाल त्यांच्या सदऱ्याला टेकले होते, आणि ईश्वररावांना मनापासून वाटलं की बसावं गप्प.

त्यांनी तिला हळूच बाजूला केलं, वही घेतली आणि कोऱ्या जागी लिहिलं: 67. खाली इंग्रजीत, अक्षर न अक्षर सुटं काढून: स्विच ऑफ बाय मी. ईश्वर मेश्राम.

दीक्षाने वाचलं. बापाकडे बघितलं, मग आजोबांकडे. “गो,” ती म्हणाली. “दोघंही.” दार लागलं.

ईश्वरराव हॉलमध्ये बसून राहिले. चहा निवला. राकेश चिडून म्हणाला, “काय मिळवलंत?” होतं ते गेलं होतं, एवढं खरं.

सहाला दार उघडलं. दीक्षाचे डोळे सुजले होते. “ही मूव्ह्ड,” ती म्हणाली. “हॉट साइडला गेला. आता चौदा दिवस नो फूड. रोज दोनदा रीडिंग.”

राकेश उठला. “दे, मी घेतो.”

“नो डॅड. तू नाही.” तिने वही पुढे केली. “आजोबा घेतील.”

ईश्वरराव खोलीत गेले. भिंतीवरच्या बटणावर तिने जाड टेप आडवी-उभी चिकटवली होती. त्यांनी चष्मा पुसला आणि थर्मामीटरपाशी वाकले.