वेताची गाठ

नवरा गेला त्याच आठवड्यात कालिस्ताने नदीच्या वळणावर खांब रोवला आणि त्याला वेताची गाठ मारली. आता वर्षभर तिथे कुणी मासा धरायचा नाही. फिलिपिन्सच्या डोंगरांतल्या आमच्या आपायाओ प्रांतात गेलेल्या माणसासाठी नदी अशीच बंद ठेवतात.

सात महिन्यांनी मासेमारी खात्याचे साहेब आले. खांब बघून त्यांना हसू आवरेना.

"मावशी, ना कुंपण, ना राखणदार! कुणी मासे नेले तर कळणार कसं?"

"कळतं," कालिस्ता तांदूळ पाखडत म्हणाली.

तेवढ्यात तिचा चुलतदीर लुमाव एक डुक्कर ओढत, घामाघूम होऊन चढ चढून आला.

"वहिनी, हे दंडाचं डुक्कर. काल तुमच्या वळणावरून होडी आणताना एक मासा आपणहून उडी मारून आत पडला. परत सोडायचा, तर मी मेल्याने भाजून खाल्ला."

"कुणी पाहिलं?" साहेबांनी विचारलं.

"पाहायला कशाला हवं कुणी? मीच खाल्ला ना!" लुमाव उखडला.

कालिस्ताने डुकराचा दोर हातात घेतला.

"साहेब, राखणदार विचारत होतात ना? नदीकाठाला घरटी एक आहे. हा त्यातला सगळ्यात ढिला."