उपाशीपोटी पास

हे लिहायचं नाही असंच मी ठरवलं होतं. गावची गोष्ट गावातच बरी. पण राहवलं नाही.

चांदवडच्या दवाखान्याच्या ओट्यावर, बाकावर बसल्या बसल्या कुसाबाईने पदराची गाठ चाचपली आणि अंबूबाईच्या कानाशी लागली.

"परवापासून काय खाल्लं?"

"तू सांगितलं तेच. दुधीचं पाणी. काल रातच्याला तेबी नाय."

"भाकर?"

"नाय गं. सुनेला वाटतंय मी रुसले."

"आन गोळी?"

"घेतली ना. तूच म्हणली, गोळी चुकवायची नाय, जेवण चुकवायचं."

कुसाबाई समाधानाने भिंतीला टेकली.

दोघी एका गल्लीतल्या. शुगर निघाली तीही एकाच शिबिरात. तेव्हापासून दर महिन्याला एकाच जीपने तपासणीला यायच्या. डॉक्टरीणबाई ओट्यावरच टेबल मांडून बसायच्या, बोटातून थेंब काढायच्या, मशीनवर आकडा यायचा. आकडा बायांना वाचता येत नव्हता, पण डॉक्टरीणबाईंच्या तोंडाकडे बघून कळायचं, पास का नापास. अंबूबाई कायम नापास. सगळ्या रांगेसमोर बोलणी खायची. आणि मग डॉक्टरीणबाई कुसाबाईकडे बोट करायच्या, "या मावशींकडे बघा जरा. शिका त्यांच्याकडून."

कुसाबाई शाळेची पायरी चढली नव्हती. सासरी-माहेरी तिच्याकडे बघून शिका असं कुणी कुणाला म्हटलं नव्हतं. ते एक वाक्य महिनाभर पुरायचं. त्यासाठी दोन दिवस उपास काढायला तिची ना नव्हती. बाकीचे दिवस मग पोटभर जेवायची, गोड चहा प्यायची. मागच्या खेपेला तिची एक गोळी कमी झाली, ते तिने गावभर सांगितलं. डाव्या पायाचा अंगठा चिघळलाय, भरून येत नाही, हे मात्र नवऱ्यालाही सांगितलं नाही. ऐन उन्हाळ्यात मोजे घालून हिंडत होती.

मागच्या वेळी जीपमध्ये अंबूबाई पदर तोंडात धरून रडली. "कुसे, मला नाय जमत गं. मी नाय येणार आता." तेव्हा कुसाबाईला राहवलं नाही. तिने आपली युक्ती सांगून टाकली.

"लय गरम व्हतंय," अंबूबाई म्हणाली.

कुसाबाईने वळून पाहिलं. अंबूबाईच्या कपाळावर घाम डवरला होता. हात थरथरत होते. "जीप आली का गं?" असं काहीतरी जड जिभेने बोलली आणि बाकावरून खाली घसरली.

ओटा उठून उभा राहिला.

"शुगर चढली! चढली तिची शुगर!"

"निंबाचा पाला आणा रे!"

"कांदा फोडून हुंगवा. कांदा नाय का कुणाकडं?"

"कांद्याच्या गावात कांदा इचारती व्हय," मागून एक म्हातारा म्हणाला, पण हसलं कुणी नाही.

डॉक्टरीणबाई आत एका पोराला टाके घालत होत्या. कंपाउंडर तिकडे धावला. कुसाबाईने गाठ सोडली, गुळाचा खडा काढला, चुरडून थुंकीत ओला केला आणि अंबूबाईच्या गालाच्या आत चोळायला लागली.

शेजारच्या चिमणाबाईने तिचं मनगट पकडलं. "गूळ? शुगरवालीला गूळ? मारती का काय तिला!"

"सोड हात."

"अगं पण..."

"सोड म्हणते ना! मला दर महिन्याला व्हतंय हे. मला ठावं हाय."

बोलून गेली. रांगेने ऐकलं. चिमणाबाईचा हात सुटला.

अंबूबाईने एकदा गिळलं. परत गिळलं. डॉक्टरीणबाई आल्या, बोटाला सुई टोचली, मशीनकडे बघून साखरेचं पाणी मागवलं. थोड्या वेळाने अंबूबाईने डोळे उघडून साडी नीट केली.

"बरं केलंत मावशी, गूळ दिलात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जवळ कसा काय होता?"

नातवाला घेतलाय, हे उत्तर कुसाबाईच्या जिभेवर तयार होतं. ती काही बोलायच्या आत डॉक्टरीणबाईंनी अंबूबाईचा केसपेपर ओढला. "एवढी खाली आली म्हणजे या गोळ्या जास्त होतायत. निम्म्या कराव्या लागतील."

कुसाबाईने अंबूबाईकडे पाहिलं. ती भिंतीला टेकून पाणी पीत होती, ग्लास अजून हलत होता.

"नका करू," कुसाबाई म्हणाली.

"काय?"

"गोळ्या नका कमी करू तिच्या. ती दोन दिस जेवली नाय. मीच शिकवलं तिला. मीबी तसंच करते. दर टायमाला."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. कुसाबाईने वाकून डावा मोजा काढला. जखमेला चिकटला होता तिथे जरा ओढावा लागला.

रांगेत कुजबुज झाली. डॉक्टरीणबाई खाली बसल्या, पाय हातात घेऊन उजेडाकडे वळवून पाहिला. मग कंपाउंडरला म्हणाल्या, "ड्रेसिंगचं सामान आण. आणि टेबल आत घे. आजपासून एकेकीला आत बोलवायचं, दार लावून."

पट्टी बांधून झाल्यावर दोघी स्टँडवरच्या हॉटेलात बसल्या. अंबूबाईने मिसळीत पाव बुडवला आणि मान वर न करता म्हणाली,

"गुरुवारी परत बोलावलंय तुला. जाशील का दडशील?"

"जाईन."

"लय मोठा आकडा येईल तुझा."

"येऊ दे."

"पाय कापतील म्हणत व्हत्या का गं?"

"आत्ता तरी नाय म्हणल्या. रोज धुवून बघायचा म्हणल्या. वाकून मला दिसत नाय तळवा."

"मी बघीन की. माझे डोळे चांगले हायत. पण मला आता खरं सांगत जाय, कुसे. मी मरता मरता वाचले आज."

कुसाबाईने गळ्याला चिमूट लावली.

"तुझ्या गळ्याची शप्पथ, अंबू. जे खाईन ते सांगीन. रोज सकाळच्याला तुझ्या दारात येईन आन आधी पाय पुढं करीन, मग चहाला बसीन. बिनसाखरेच्या."